एक आजार, दोन शिधे

१८८२ सालच्या डिसेंबर महिन्यात जपानच्या आरमाराचे 'र्‍यूजो' हे जहाज शिकाऊ खलाशांना घेऊन लांबच्या सफरीवर निघाले. न्यूझीलंड, मग दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा, तिथून हवाई बेटे आणि परत जपान असा २७२ दिवसांचा प्रवास होता. जहाजावर ३७६ माणसे होती. त्यांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ जण दगावले. जहाजाने वाटेत कुठेही लढाई केली नव्हती.

बेरीबेरीला जपानी भाषेत 'कक्के' म्हणतात. सुरुवातीला पाय जड होतात, बधिर पडतात, पोटऱ्या दुखतात. पुढे पायांना सूज येते, चालणे अवघड होते, आणि शेवटी हृदय निकामी होऊन माणूस जातो. जपानला हा आजार नवा नव्हता. एडो, म्हणजे आजचे टोकियो, ही राजधानी होती तेव्हा खेड्यापाड्यांतून आलेले सामुराई तिथे काही महिन्यांत आजारी पडत आणि गावी परतले की बरे होत. म्हणून त्याला 'एडोची व्याधी' असेही नाव पडले होते. खेड्यात माणसे बार्ली, नाचणीसारखी भरड धान्ये खात. शहरात पांढराशुभ्र सडीचा तांदूळ मिळे. पण हे दोन मुद्दे एकमेकांना जोडावेत असे फारसे कुणाला वाटले नव्हते.

आज या आजाराचे कारण शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येते : ब-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा अभाव. पिष्टमय पदार्थांपासून ऊर्जा मिळवण्याच्या प्रक्रियेत शरीराला थायमिन लागते. त्याचा साठा शरीरात फार थोडा असतो, दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच. तांदळातले थायमिन बहुतांश कोंड्यात आणि अंकुरात असते, म्हणजे तांदूळ सडताना नेमके तेच निघून जाते. जो भातच भात खातो त्याला थायमिनची गरज जास्त, आणि त्याच्याच ताटात ते कमी.

ही एक ओळ लिहिता येण्यापूर्वी एकाच देशातल्या दोन सैन्यांनी एकाच आजाराला कसे तोंड दिले, त्याची ही हकिकत आहे. आरमाराने हा आजार चार-पाच वर्षांत जवळजवळ संपवला. भूदलाने त्यानंतर वीस वर्षे आपले हजारो सैनिक त्याला बळी दिले. भूदलातले डॉक्टर अडाणी होते म्हणून असे झाले नाही. ते देशातले सर्वांत जास्त शिकलेले डॉक्टर होते.

आरमाराची वाट

कानेहिरो ताकाकी हे आरमारातले डॉक्टर. १८७५ ते १८८० या काळात ते लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिकले. तिथल्या शिक्षणाचा भर रुग्णाच्या खाटेशेजारी बसून निरीक्षण करण्यावर आणि आजार कुणाला, कुठे, केव्हा होतो याच्या नोंदी ठेवण्यावर होता. परत आल्यावर त्यांनी आरमाराच्या नोंदी चाळल्या. १८८२ साली ४,७६९ माणसांच्या आरमारात बेरीबेरीच्या १,९२९ नोंदी होत्या. शंभरात चाळीस. इतकी माणसे अंथरुणाला खिळली तर युद्धनौका चालवायच्या कुणी?

नोंदींतून काही गोष्टी पुढे आल्या. खलाशांना आजार फार होई, अधिकाऱ्यांना कमी. जहाज परदेशी बंदरात असले आणि माणसे तिथले अन्न खाऊ लागली की आजार ओसरे. राहण्याची जागा, कपडे, हवा या बाबतीत फारसा फरक नव्हता. फरक होता तो ताटात. खलाशांना जेवणासाठी रोख पैसे मिळत. त्यातले बरेचसे ते घरी पाठवण्यासाठी वाचवत आणि पांढऱ्या भातावर भागवत.

'र्‍यूजो'ची बातमी आली तेव्हा ताकाकींना आणखी एक दुवा मिळाला. होनोलुलूला जहाजाने जुना शिधा बदलून मांस व भाजीपाला भरला, आणि तिथून पुढे रुग्ण सुधारत गेले होते. ताकाकींनी मग सरकारकडे एक मागणी केली. पुढचे शिकाऊ जहाज त्याच मार्गाने पाठवावे, फक्त शिधा बदलावा. खर्च मोठा होता. पण मेजी सम्राटांना स्वतःला या आजाराचा त्रास झालेला होता, आणि ताकाकींचे म्हणणे त्यांच्यापर्यंत पोचले. १८८४ च्या फेब्रुवारीत 'त्सुकुबा' हे जहाज ३३३ माणसे घेऊन निघाले. शिध्यात भात कमी केला होता आणि पाव, मांस, आटवलेले दूध, भाज्या वाढवल्या होत्या. २८७ दिवसांच्या या सफरीत बेरीबेरीचे रुग्ण पंधराच्या आसपास निघाले. मृत्यू एकही नाही. जे आजारी पडले त्यांतल्या बहुतेकांनी नवे अन्न नीट खाल्लेलेच नव्हते.

आरमाराने लगेच शिधा बदलला. खलाशांना पाव आणि मांस आवडेना, तेव्हा १८८५ पासून भातातच बार्ली मिसळायला सुरुवात झाली. १८८४ साली रुग्ण होते ७१८. १८८५ साली ४१. १८८६ साली ३.

बरोबर उत्तर, चुकीचे कारण

आता या गोष्टीतला अवघड भाग. ताकाकींचा उपाय बरोबर होता, पण त्यांनी दिलेले कारण चूक होते. त्यांच्या मते अन्नातील नत्र आणि कर्ब यांचे प्रमाण सुमारे १:१५ असावे, आणि खलाशांच्या अन्नात प्रथिने कमी पडून नत्र घटल्यामुळे बेरीबेरी होत होता. मांसात आणि बार्लीत प्रथिने भातापेक्षा जास्त, म्हणून त्यांनी ते पदार्थ निवडले. त्यांत थायमिनही होते, हा योगायोग. थायमिन नावाचे काही असते हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हते.

टोकियो विद्यापीठातल्या आणि भूदलातल्या डॉक्टरांनी ही कमजोरी बरोबर हेरली. प्रथिनांचा सिद्धांत टिकत नाही हे त्यांनी दाखवून दिले. त्यात ते चुकले नव्हते. चूक पुढच्या पायरीवर झाली. सिद्धांत खोटा, म्हणून जहाजावरचे आकडेही निरर्थक, असे त्यांनी धरले. निरीक्षण एक आणि त्याचे स्पष्टीकरण दुसरे. स्पष्टीकरण फेकून दिले तरी निरीक्षण शिल्लक राहते आणि ते उत्तर मागत राहते.

भूदलाची वाट

मेजी सरकारने वैद्यकीय शिक्षणासाठी जर्मनीचा आदर्श स्वीकारला होता. विद्यापीठात जर्मन प्राध्यापक शिकवत, हुशार विद्यार्थी जर्मनीला जात, आणि भूदलाचे डॉक्टर याच विद्यापीठातून येत. तो काळ रॉबर्ट कॉख यांचा होता. १८७६ साली त्यांनी अँथ्रॅक्सच्या जंतूचे काम मांडले, १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला, पाठोपाठ पटकीचा. दर एक-दोन वर्षांनी एखाद्या जुन्या रोगाचा जंतू सापडत होता. बेरीबेरीही छावण्यांत, तुरुंगांत, गर्दीच्या शहरांत आणि उन्हाळ्यात बळावे. हे सारे साथीच्या रोगासारखेच दिसत होते. तेव्हा याचाही जंतू असणार असे मानणे अगदी साहजिक होते. १८८५ साली मासानोरी ओगाता यांनी बेरीबेरीचा जंतू सापडल्याचे जाहीरही केले.

रोग म्हणजे शरीरात काहीतरी शिरणे, ही त्या काळाची पकड होती. काहीतरी *नसल्यामुळे* रोग होतो, ही कल्पना त्या चौकटीत बसणारी नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली जे आहे ते दिसते. जे नाही ते कसे दिसणार?

चार वर्षांनी कॉख यांच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शिबासाबुरो कितासातो यांनी ओगातांचा दावा खोडून काढला. ओगाता हे कितासातोंचे वरिष्ठ, त्यांना जंतुशास्त्राची ओळख करून देणारे. त्यामुळे जपानमध्ये चर्चा जंतूपेक्षा शिष्याच्या कृतघ्नपणाचीच अधिक झाली. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांत भूदलाचे एक तरुण डॉक्टर होते, रिंतारो मोरी.

मोरी हे असामान्य बुद्धीचे गृहस्थ. एकोणिसाव्या वर्षी वैद्यकीय पदवी, मग १८८४ ते १८८८ जर्मनीत शिक्षण. 'ओगाई' या नावाने ते पुढे आधुनिक जपानी साहित्यातले अग्रगण्य लेखक झाले. १८८९ साली त्यांनी भूदलासाठी आहाराचा एक प्रयोग केला. काही सैनिकांना भात, काहींना बार्लीमिश्रित भात, काहींना पाश्चात्त्य जेवण देऊन उष्मांक आणि नत्राचा ताळेबंद मोजला. भात सर्वांत सरस ठरला. मोजमापात खोट काढण्यासारखे काही नव्हते. पण प्रत्येक आहार आठ दिवस दिला होता, आणि बेरीबेरी होतो की नाही हे पाहिलेलेच नव्हते. थायमिन संपायला आठवडे लागतात. म्हणजे हा प्रयोग ज्या प्रश्नाचे उत्तर देत होता तो प्रश्न वेगळा होता. भूदलाच्या वरिष्ठांनी मात्र ते उत्तर शिध्याच्या वादातला निकाल म्हणून वापरले.

छावण्या शिकल्या, मुख्यालय शिकले नाही

भूदलात कुणालाच काही उमगले नाही असेही नाही. ओसाकाच्या छावणीतील डॉक्टर तोशिकुनी होरिउची यांच्या लक्षात आले की तुरुंगात कैद्यांना काटकसर म्हणून बार्लीमिश्रित भात दिला जातो, आणि तिथला बेरीबेरी घटला आहे. १८८४ च्या अखेरीस त्यांनी छावणीत तोच भात सुरू केला. आजार झपाट्याने उतरला. हे पाहून दुसऱ्या छावण्यांनीही अनुकरण केले आणि १८९१ पर्यंत भूदलाच्या सर्व विभागांत बार्ली पोचली. शांततेच्या काळात छावणीप्रमुखांना शिध्यात असा बदल करता येत होता.

पण १८९४ साली चीनशी युद्ध सुरू झाले आणि शिध्याचा निर्णय मुख्यालयाकडे गेला. वैद्यकीय विभागाचे प्रमुख तादानोरी इशिगुरो बार्लीचे कट्टर विरोधक होते. आघाडीवर गेला तो निव्वळ पांढरा तांदूळ. त्या युद्धात आणि पाठोपाठच्या तैवानच्या मोहिमेत भूदलातले सुमारे ४१,००० सैनिक बेरीबेरीने आजारी पडले आणि सुमारे ४,००० मेले. प्रत्यक्ष लढाईत मेलेल्यांची संख्या हजार-दीड हजार होती.

एवढे झाल्यावर तरी मत बदलायला हवे होते. त्याऐवजी युक्तिवाद अधिक धारदार झाला. १९०१ साली मोरी यांनी लेख लिहून विचारले की बार्ली सुरू झाली आणि आजार घटला, एवढ्यावरून एक दुसऱ्याचे कारण कसे ठरते? आजार एरवीही घटत असेल. खरे तपासायचे तर एकाच ठिकाणी राहणाऱ्या एका तुकडीचे दोन भाग करावेत, एकाला तांदूळ द्यावा, दुसऱ्याला बार्ली, आणि मग पाहावे.

विज्ञानाच्या शिक्षकाने फळ्यावर लिहून ठेवावा असा हा आक्षेप आहे. 'त्सुकुबा'च्या प्रयोगातली उणीव त्यात अचूक पकडली आहे. मात्र असा प्रयोग करण्याचे अधिकार आणि माणसे ज्यांच्या हाती होती, त्यांनी तो केला नाही. शंका घेणे हे वैज्ञानिक वृत्तीचे लक्षण आहे. पण शंका फक्त दुसऱ्याच्या पुराव्यावर आणि आपल्या समजुतीला मोकळीक, असे झाले की तीच शंका ढालीचे काम करते.

१९०४-०५ मध्ये रशियाशी युद्ध झाले. शिधा पुन्हा पांढरा तांदूळच. या वेळी सुमारे अडीच लाख सैनिकांना बेरीबेरी झाला आणि सुमारे २७,००० मेले. त्याच युद्धात आरमारातील रुग्णांची संख्या नगण्य होती. अखेर मार्च १९०५ मध्ये युद्धमंत्री मासाताके तेराउची यांनी, म्हणजे डॉक्टर नसलेल्या माणसाने, आघाडीवर बार्ली पाठवण्याचा हुकूम काढला.

दुसरीकडे, कोंबड्या आणि उकडा तांदूळ

याच काळात जावा बेटावर डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमन बेरीबेरीचा जंतू शोधत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या अचानक लंगडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीत कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नवा आचारी आला आणि 'लष्करी तांदूळ मुलकी कोंबड्यांना नाही' म्हणून त्याने तो बंद केला. नियमावर बोट ठेवणाऱ्या या आचाऱ्यामुळे एक मोठा शोध लागला. १८९७ साली जावातील १०१ तुरुंगांची पाहणी झाली. पांढरा तांदूळ खाणाऱ्यांत दर ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी होता. कोंड्यासह तांदूळ खाणाऱ्यांत १०,००० मध्ये एकाला.

तरीही आइकमन यांना वाटले की पिष्टात एखादे विष असावे आणि कोंड्यात त्याचा उतारा. म्हणजे पुन्हा 'काहीतरी शिरते' हेच. अन्नात आवश्यक असे काहीतरी *कमी पडते*, हे त्यांचे सहकारी खेरित ग्रेन्स यांनी १९०१ साली मांडले. १९२९ चे नोबेल पारितोषिक आइकमन यांना हॉपकिन्स यांच्यासह मिळाले. ग्रेन्स यांना नाही.

मोरींनी मागितलेला प्रयोग शेवटी मलायात झाला. १९०५ च्या सुमारास क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात डॉ. विल्यम फ्लेचर यांनी रुग्णांचे दोन गट केले. एकाला पांढरा तांदूळ दिला, दुसऱ्याला भारतीय पद्धतीचा उकडा तांदूळ. पहिल्या गटात १८ जण बेरीबेरीने गेले, दुसऱ्यात एकही नाही. संमती देऊ न शकणाऱ्या माणसांवर असा प्रयोग आज कुणी मान्य करणार नाही. पण निकाल निःसंदिग्ध होता. मलायात राबणाऱ्या तमिळ मजुरांना हा आजार का होत नाही, याचेही उत्तर त्यातच होते. भात सालासकट भिजवून उकडला की कोंड्यातले थायमिन दाण्याच्या आत मुरते आणि नंतर सडले तरी बरेचसे टिकते. कोकणात आणि गोव्यात पेजेसाठी उकडा तांदूळ वापरतात तो असाच तयार होतो. आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर गिरणीत सडलेला कच्चा तांदूळ खाल्ला जाई. तिथे बेरीबेरी विसाव्या शतकातही बराच काळ टिकून होता.

१९१० साली उमेतारो सुझुकी यांनी कोंड्यातून हा घटक वेगळा काढल्याचे जपानमध्ये जाहीर केले. ते कृषिरसायनशास्त्रज्ञ असल्यामुळे वैद्यकीय मंडळींनी फारसे मनावर घेतले नाही. पुढे १९१२ साली कासिमीर फुंक यांनी 'व्हिटामिन' हा शब्द दिला. १९२६ साली जावात थायमिनचे स्फटिक मिळाले, आणि १९३६ साली त्याची रचना शोधून ते कृत्रिमरीत्या बनवले ते रॉबर्ट विल्यम्स यांनी. त्यांचा जन्म आपल्या देशातला, नेल्लोरचा.

संघटना कशा शिकतात

अमेरिकेतील ख्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७८ साली संघटनांच्या शिकण्यावर एक पुस्तक लिहिले. त्यात शिकण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. खोलीचे तापमान ठरावीक अंशावर राखणारे यंत्र गारठा वाढला की तापवते, उष्मा वाढला की थांबते. हे एकेरी शिकणे. हा ठरावीक अंश मुळात योग्य आहे का, हे यंत्र विचारत नाही. तो प्रश्न विचारणे म्हणजे दुहेरी शिकणे. रोग जंतूमुळेच होतो हे गृहीत धरल्यावर भूदलाने छावण्यांची स्वच्छता, हवा, गर्दी यांत जे जे करता येईल ते केले. गृहीताला हात लावला नाही.

हे अडून राहणे एका माणसाच्या हट्टामुळे नव्हते. बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या होत्या. सगळे वरिष्ठ एकाच विद्यापीठातले, त्यामुळे शंका घेणारा घरभेदी ठरे. आरमार हे प्रतिस्पर्धी खाते, आणि त्याची विद्या इंग्रजी. तिकडून आलेले उत्तर स्वीकारणे कमीपणाचे वाटे. पांढरा भात ही खेड्यातून आलेल्या गरीब सैनिकाला सैन्याने दिलेली मोठी मिजास होती. बार्ली म्हणजे कैद्यांचे अन्न. शिवाय चुकीची किंमत निर्णय घेणाऱ्यांना मोजावी लागत नव्हती. आणि आरमार तरी पूर्ण शिकले का? आजार गेला, पण प्रथिनांचा सिद्धांत ताकाकींनी सोडला नाही. यशही माणसाला प्रश्न विचारण्यापासून थांबवते.

१९०८ साली बेरीबेरीच्या अभ्यासासाठी भूदलाने मंडळ नेमले. अध्यक्ष होते मोरीच. पुढे याच मंडळाच्या कामातून बेरीबेरी हा अभावाचा रोग असल्याचे जपानमध्ये प्रस्थापित झाले. तोवर १९२२ साली मोरींचा मृत्यू झाला होता.

वर्गासाठी

जीवनसत्त्वांचा पाठ शिकवताना ही हकिकत उपयोगी पडेल. थायमिनचे नाव आधी सांगू नये. आठवी-नववीच्या मुलांना फळ्यावर दोन जहाजांचे आकडे द्यावेत : ३७६ माणसे, १६९ आजारी, २५ मृत, ३३३ माणसे, पंधरा-एक आजारी, मृत्यू नाही. यावरून काय म्हणता येईल, काय म्हणता येणार नाही, हे विचारावे. काही मुले ताकाकींच्या बाजूने बोलतील, काही मोरींच्या. मग दोन्ही बाजूंना विचारावे की तुमचे मत बदलेल असा पुरावा कोणता? उत्तर वहीत लिहून घ्यावे आणि नंतरच क्वालालंपूरचे आकडे सांगावेत.

हाच प्रश्न शिक्षकांच्या बैठकीतही विचारता येतो. 'या वस्तीतली मुले गणितात मागेच राहणार' असे एखादे वाक्य बहुतेक शाळांत वर्षानुवर्षे चालत आलेले असते. ते कुणी, केव्हा तपासले? शेजारच्या शाळेत तशाच मुलांना गणित येत असेल, तर तिथे काय वेगळे चालले आहे हे पाहायला आपल्यापैकी कुणी गेले का? ओसाकाचे होरिउची तुरुंगातल्या मुदपाकखान्यापर्यंत गेले होते.